खूण करणारे आणि खूण वाचणारे

(कोल्हापूर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी या शहरातल्या मुलांना आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं. त्यांच्या नावाने बोलायची संधी मिळाली, तेव्हा समुद्रातल्या संकटग्रस्त प्राण्यांसाठी राबणाऱ्या शास्त्रज्ञांवर बोलायचं मी ठरवलं. संयोजकांनी रास्त शंका काढली, की समुद्र घाटाखाली आणि आपण घाटावर, मग हा विषय कोल्हापुरात का? त्याचं उत्तर ओघात येईल. आधी एक क्रमांक सांगतो: ०३२३३.

२७ जानेवारी २०२५ ची रात्र. गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची एक मादी अंडी घालायला आली. नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत कोकणात अशा माद्या येतच असतात. पण गस्तीवरच्या कासवमित्रांना तिच्या पुढच्या परांवर धातूची पट्टी दिसली आणि पट्टीवर हा क्रमांक. टॅग इथला नव्हता. फोटो काढले गेले, चौकशी झाली आणि उत्तर आलं ते देशाच्या दुसऱ्या टोकाकडून. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे डॉ. बासुदेव त्रिपाठी यांच्या चमूने मार्च २०२१ मध्ये ओडिशातल्या गहिरमाथा किनाऱ्यावर हा टॅग लावला होता. जवळजवळ चार वर्षांनी तीच मादी अरबी समुद्राच्या काठी वाळू उकरत होती. श्रीलंकेला वळसा घालून आली असेल तर तिने किमान साडेतीन हजार किलोमीटर कापले असणार. पांबनजवळच्या अरुंद सामुद्रधुनीतून आली असेल तर अंतर कमी, पण वाट अवघड. नेमकी कुठून आली हे तिच्या परावरची पट्टी सांगत नाही. ती दोनच गोष्टी सांगते: तेव्हा तिथे होती, आता इथे आहे. त्या रात्री तिने १२० अंडी घातली आणि त्यांतून १०७ पिल्लं बाहेर पडली.

या नोंदीचं महत्त्व समजायला ओडिशातलं दृश्य डोळ्यांसमोर आणावं लागतं. गहिरमाथा आणि ऋषिकुल्या इथे माद्या हजारोंनी, कधी लाखोंनी, एकाच वेळी किनाऱ्यावर येतात. कोकणात मात्र त्या एकेकट्या येतात. एका रात्री एका किनाऱ्यावर एखाददुसरी. त्यामुळे पूर्वेची कासवं पूर्वेची आणि पश्चिमेची पश्चिमेची, अशी आजवरची समजूत होती. एकच मादी लाखोंच्या मेळ्यातही अंडी घालते आणि कोकणात एकटीही, हे ०३२३३ ने दाखवलं. एका कासवावरून सिद्धांत मांडू नये, हे शास्त्रज्ञ स्वतःच सांगतात आणि त्यांचं बरोबर आहे. पण दोन किनाऱ्यांमध्ये आपण मनाने घातलेली भिंत पोकळ असू शकते, एवढं या एका नोंदीने नक्की झालं.

ओडिशात २०२१ ते २०२३ या काळात सुमारे १२ हजार कासवांना असे टॅग लावले गेले. रात्रभर ओल्या वाळूत वाकून, एकेका मादीची अंडी घालून होईपर्यंत थांबून, मग पक्कड चालवायची. त्यातली बहुसंख्य कासवं पुन्हा कधी माणसाच्या नजरेला पडत नाहीत. ज्याने खूण केली त्याला ती वाचायला मिळेल याची शाश्वती नाही. ती दुसऱ्याच कोणीतरी, दुसऱ्याच किनाऱ्यावर, कंटाळा न करता परांवर विजेरी धरून बघितलं तरच वाचली जाते. गुहागरच्या त्या कासवमित्रांनी अंडी उचलून कासवाला तसंच जाऊ दिलं असतं, तर ओडिशातली ती मेहनत त्या रात्री आपल्या किनाऱ्यावरून मुकाट निघून गेली असती. समुद्री जीवांचं विज्ञान हे असं एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांच्या भरवशावर उभं आहे, आणि आज मला प्रामुख्याने या भरवशाबद्दल बोलायचं आहे.

आता कोल्हापूर. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती यांचं पाणी प्रयाग चिखलीला एकत्र येतं, पंचगंगा होतं, नृसिंहवाडीला कृष्णेत मिळतं आणि आंध्रातल्या हंसलादीवीजवळ बंगालच्या उपसागरात उतरतं. कृष्णेच्या त्या मुखाशी ऑलिव्ह रिडले अंडी घालायला येतात. म्हणजे आपल्या ताटातली सुरमई आणि पापलेट आंबा घाट, गगनबावडा चढून अरबी समुद्रातून येतात आणि आपल्या मोरीतलं पाणी बंगालच्या उपसागराकडे जातं. गुहागरला आलेल्या त्या मादीचं आयुष्य ज्या दोन समुद्रांत गेलं, त्या दोन्हींशी या शहराचा रोजचा व्यवहार आहे. उन्हाळ्यात तेरवाड बंधाऱ्याजवळ काळं पाणी आणि मेलेल्या माशांचा खच पाहून आपण हळहळतो, आंदोलनंही करतो. मी एवढंच सुचवतो, की ते पाणी तिथे थांबत नाही.

आणखी दोन धागे आहेत. चिपळूण आणि सावंतवाडी हे कोकणातले वन विभाग कोल्हापूर वनवृत्तात येतात. आणि चार दशकांच्या मागणीनंतर १८ ऑगस्ट २०२५ पासून इथे सुरू झालेल्या उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचच्या अधिकारक्षेत्रात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही किनारी जिल्हे आहेत. कोकणच्या वाळूवरचे, खाड्यांवरचे, वन्यजीव गुन्ह्यांचे खटले आता इथल्या वकिलांच्या हाती येतील. ती कागदपत्रं नीट वाचायला कासवाचं घरटं काय असतं हे कोणाला तरी ठाऊक हवं.

आपल्याकडे या विषयाची शास्त्रीय सुरुवात फार जुनी नाही. गहिरमाथ्याला कासवं येतात हे तिथल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. अंडी होड्या भरभरून बाजारात जात. १९७४ मध्ये रॉबर्ट बस्टर्ड यांनी जगातल्या शास्त्रज्ञांना ते कळवलं. ऋषिकुल्याचा मेळा तर बिवाश पांडव यांच्यामुळे १९९४ मध्ये नोंदला गेला. आणि या दोघांच्या मधल्या काळात एक माणूस भारताचा किनारा पायी तुडवत होता, सतीश भास्कर. मद्रास आयआयटीतलं अभियांत्रिकीचं शिक्षण सोडून हा तरुण मद्रासच्या सर्पोद्यानात रमला आणि १९७७ पासून कासवांच्या शोधात निघाला. सुमारे चार हजार किलोमीटर किनारा त्याने चालून पाहिला. कुठल्या वाळूत कुठली कासवं येतात, अंडी कोण काढतं, कुत्री किती आहेत, असल्या साध्या नोंदी तो करत गेला. आज आपण ज्याला आधारभूत माहिती म्हणतो, तिचा मोठा भाग त्या पायांनी गोळा केला आहे.

१९८२ च्या पावसाळ्यात भास्कर लक्षद्वीपमधल्या सुहेली वलियकरा या निर्मनुष्य बेटावर एकटे राहिले. हिरवी कासवं ऐन पावसाळ्यात तिथे अंडी घालतात आणि त्या दिवसांत बेटावर होडी लागत नाही, म्हणून आधीच महिन्यांचा शिधा घेऊन उतरायचं आणि पावसाळा सरेपर्यंत परतायचं नाही. तिथून त्यांनी पत्नीला पत्र लिहिलं, बाटलीत घातलं आणि समुद्रात सोडलं. ती बाटली शेकडो किलोमीटर वाहत श्रीलंकेच्या एका मच्छीमाराला सापडली, आणि त्या भल्या माणसाने सोबत स्वतःची चिठ्ठी जोडून ते पत्र टपालाने पत्त्यावर धाडलं. २०२३ च्या मार्चमध्ये भास्कर गेले. त्यांच्या आयुष्यातली ही हकीकत लोक प्रेमकथा म्हणून सांगतात, आणि ती आहेच. मला तिच्यात तो मच्छीमार मोठा वाटतो. त्याने बाटली उघडली, वाचली आणि पुढे पोचवली.

महाराष्ट्रातली गोष्ट २००२ मध्ये सुरू होते आणि तिची सुरुवात कासवापासून होत नाही. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्री गरुडाचा अभ्यास करत मंडणगड तालुक्यातल्या वेळासला पोचले होते. नाना फडणविसांचं हे गाव. किनाऱ्यावर त्यांना उकरलेले खड्डे आणि अंड्यांची टरफलं दिसली. गावकऱ्यांशी बोलणं झालं तेव्हा कळलं, की अंडी काढणं हा वर्षानुवर्षांचा परिपाठ आहे. त्या पहिल्या हंगामात गावाच्या मदतीने ५० घरटी राखली गेली आणि २,७३४ पिल्लं समुद्रात गेली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, घराघरांत पाहुणे उतरू लागले, आणि जी माणसं अंडी काढण्यात तरबेज होती त्यांचंच डोळस ज्ञान घरटी शोधायला कामी आलं. वाळूवरच्या मागावरून मादीने खरंच अंडी घातली की नुसतीच फिरून गेली, हे ओळखायला विद्यापीठाची पदवी पुरत नाही. काठीने वाळू चाचपताना खालचा भुसभुशीतपणा हाताला कळावा लागतो.

पण निव्वळ प्रेमाने अंडी जगत नाहीत, आणि इथे शास्त्राचं बोट धरावं लागतं. घरटं एक-दीड फूट खोल, आकार मडक्यासारखा, आत शंभर-सव्वाशे अंडी. भरतीच्या पाण्याच्या किंवा कोल्ह्या-कुत्र्यांच्या तावडीत घरटं असेल तर अंडी हॅचरीत, म्हणजे राखलेल्या जागी, हलवावी लागतात. ती पहिल्या काही तासांतच. त्यानंतर आतला गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतो आणि अंडं उलटंपालटं झालं तर तो मरतो. म्हणून पहाटेची गस्त. म्हणून अंडी उचलताना वरची बाजू वरच ठेवायची आणि नवा खड्डा जुन्याच मापाचा खणायचा. दुसरी गोष्ट तापमानाची. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उबेवर ठरतं. साधारण २९-३० अंश सेल्सिअसच्या आसपास दोन्ही निपजतात. वाळू त्याहून तापली की माद्या वाढतात, आणि फार तापली की अंडीच शिजतात. मार्च-एप्रिलमध्ये कोकणातली वाळू कशी भाजते ते गणपतीपुळ्याला अनवाणी चाललेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आपण हॅचरीवर सावली केली तर नर-मादीचं प्रमाण बदलतो, नाही केली तरी बदलतो. त्यामुळे जिथे शक्य आहे तिथे घरटं जागच्या जागी राखावं, अंडी हलवणं हा शेवटचा उपाय समजावा, असं माझं मत आहे. पिल्लं सोडतानाचे फोटो सुंदर येतात हे हलवण्याचं कारण होऊ शकत नाही.

२०१२ मध्ये वन विभागाचा कांदळवन कक्ष स्थापन झाला, पुढे कांदळवन प्रतिष्ठान आलं, आणि कासवांचं काम गावापुरतं न राहता सगळ्या किनाऱ्यावर पसरलं. जानेवारी-फेब्रुवारी २०२२ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या डॉ. आर. सुरेशकुमार यांच्या मार्गदर्शनाखाली पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवले गेले. वेळासची प्रथमा, आंजर्ल्याची सावनी, गुहागरच्या वनश्री, लक्ष्मी आणि रेवा. कासव श्वासासाठी वर आलं की यंत्र उपग्रहाला संदेश देतं. पाण्याखाली ते मुकं असतं. नकाशावर जी रेघ दिसते ती खरं तर कासवाच्या श्वासांची रेघ आहे. पुढच्या वर्षी गुहागरला बागेश्री आणि गुहा यांना ट्रान्समीटर बसले. गुहा लक्षद्वीपकडे गेली. बागेश्रीने गोवा, कर्नाटक, केरळ मागे टाकलं, कन्याकुमारी ओलांडली, श्रीलंका गाठली आणि ती बंगालच्या उपसागरात शिरली. ०३२३३ ज्या वाटेने इकडे आली असावी, त्या वाटेने बागेश्री दीड वर्ष आधी तिकडे गेली होती. दोन वेगळ्या संस्था, दोन वेगळी साधनं, एक महागडं आणि एक अगदी साधं. दोन्हींचे पुरावे एकाच दिशेला बोट दाखवतात.

जनुकांच्या अभ्यासाने या कासवांचं मोल आणखी वाढवलं. कार्तिक शंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून असं दिसलं, की भारताच्या पूर्व किनाऱ्यावरच्या रिडलेंचा वंश इतर महासागरांतल्या आजच्या रिडलेंच्या मुळाशी आहे. जगातली इतर रिडले ज्या झाडाच्या फांद्या आहेत त्याचं खोड आपल्याकडे आहे, आणि त्याची सावली आता कोकणावरही पडलेली दिसते.

सगळ्या प्राण्यांना टॅग लावावा लागत नाही. काहींच्या अंगावर खूण जन्मतः असते. मालवण-देवगडच्या पट्ट्यात कुबड्या डॉल्फिनांचा अभ्यास करणाऱ्या तरुण संशोधकांनी त्यांच्या पाठीवरच्या पराचे फोटो काढून, त्यावरचे कापे आणि ओरखडे जुळवून एकेक डॉल्फिन ओळखायची पद्धत वापरली. याच चमूला २०१५ मध्ये कुणकेश्वरजवळ निळे देवमासे दिसले, जे महाराष्ट्राच्या पाण्यात कित्येक दशकांत नोंदले गेले नव्हते. व्हेल शार्कच्या, म्हणजे बहिरीच्या, अंगावर पांढरे ठिपके असतात आणि प्रत्येकाची नक्षी निराळी. ती जुळवायला खगोलशास्त्रज्ञांनी ताऱ्यांचे समूह ओळखण्यासाठी तयार केलेली गणिती रीत २००५ च्या सुमारास वापरात आली, आणि पर्यटकाने काढलेला फोटोसुद्धा नोंद ठरू लागला. आकाश वाचायची रीत मासा वाचायला उपयोगी पडावी, हे मला आजही विलक्षण वाटतं.

आता जाळ्याकडे येतो, कारण कासवाचा मृत्यू अनेकदा तिथे होतो. कासवाला फुप्फुसं आहेत. ट्रॉलरच्या जाळ्यात ते तासन्‌तास अडकलं तर बुडून मरतं. त्यावर उपाय आहे. जाळ्यात तिरकी जाळी बसवायची, कोळंबी तिच्यातून मागे जाते आणि कासवाला वर बाहेर पडायला वाट मिळते. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्या बोटींना मानवेल असा नमुना विकसित केला. अमेरिकेने १९८९ च्या कायद्यानुसार अशा यंत्राशिवाय पकडलेली कोळंबी नाकारायला सुरुवात केली, भारतासह चार देशांनी जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली, १९९८ मध्ये निकाल लागला, आणि २०१९ पासून भारताच्या समुद्रात पकडलेल्या कोळंबीवर अमेरिकेत पुन्हा बंदी आली. या सगळ्या कज्ज्यात तांडेलाचा प्रश्न एकच राहिला: यंत्राच्या वाटेने माझी मासळीही निसटते, तिची भरपाई कोण देणार? हा प्रश्न खोटा नाही. तांडेलाला निसर्गद्रोही म्हणून हिणवणाऱ्यांनी एकदा डिझेलचा हिशेब मांडून बघावा.

म्हणून महाराष्ट्राने डिसेंबर २०१८ मध्ये घेतलेला निर्णय मला मोलाचा वाटतो. जाळ्यात संरक्षित प्राणी सापडला आणि त्याला सोडण्यासाठी जाळं कापावं लागलं, तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. सोडतानाचे फोटो किंवा चित्रफीत पुरावा म्हणून द्यायची. या योजनेमुळे कासव वाचतं हा एक भाग. दुसरा असा, की कोणता प्राणी, कुठे, कोणत्या जाळ्यात सापडतो याची नोंद पहिल्यांदाच खुद्द मच्छीमाराकडून येऊ लागली. पूर्वी अपराधाच्या भीतीने तो गप्प बसे. भरपाई वेळेवर मिळत राहिली तर तो बोलत राहील, आणि त्याच्याइतके दिवस समुद्रावर कोणताही संशोधक राहू शकत नाही.

जखमी कासवांसाठी डहाणूला उपचार केंद्र आहे. पावसाळ्यात टाकाऊ जाळ्यांत गुरफटलेली, पर तुटलेली कासवं किनाऱ्याला लागतात, तिथले पशुवैद्य त्यांना वाचवतात. अशी कासवं महिनोन्‌महिने टाकीत सांभाळावी लागतात. हे काम दिसतं तितकं रम्य नाही. वास, जखमा, प्रतिजैविकं आणि वाट पाहणं.

एवढं सगळं असूनही आपल्या ज्ञानात एक मोठी पोकळी आहे. मी आत्तापर्यंत ज्या कासवांची नावं घेतली, त्या सगळ्या माद्या. नर एकदा पिल्लू म्हणून समुद्रात शिरला की पुन्हा वाळूवर येत नाही. त्याला टॅग लावायला किनाऱ्यावर कोणी थांबू शकत नाही. किनाऱ्यावर नर हाती लागतो तो बहुधा जखमी किंवा मेलेला. तापत्या वाळूमुळे नर कमी निपजत असतील, अशी शंका असताना त्यांच्याबद्दलच आपल्याला सर्वांत कमी माहिती असावी, ही काळजीची गोष्ट आहे. आणि म्हणून किनाऱ्याला लागलेलं मेलेलं कासव हा माझ्या मते अत्यंत दुर्लक्षित पुरावा आहे. ते कुजतं, वास मारतं, गावकरी घाईने खड्डा करून पुरतात. शेपटीची लांबी बघितली तर मोठ्या कासवाचा नर-मादी भेद कळतो. नराची शेपटी कवचाबाहेर लांब येते. कवचाची लांबी मोजली, परांवर टॅग आहे का बघितलं, पंख्याचा घाव की जाळ्याचा वळ हे टिपलं, तर तेवढीही नोंद कामाची.

इथे कोल्हापुरातल्या महाविद्यालयांतले प्राणिशास्त्राचे विद्यार्थी बसले आहेत, शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकणारीही काही मुलं सुट्टीवर आलेली दिसतात. तुमच्यापैकी प्रत्येकजण वर्षातून एकदा तरी मालवण, तारकर्ली, गणपतीपुळे, गुहागर करतो. पुढच्या खेपेला पहाटे किनाऱ्यावर चाला. मेलेलं किंवा जखमी कासव, डॉल्फिन दिसलं तर त्याला हलवू नका, कायद्यानेही हलवता येत नाही. शेजारी पट्टी किंवा चप्पल ठेवून माप कळेल असा फोटो घ्या, शेपटीचा आणि दोन्ही परांचा वेगळा घ्या, ठिकाण आणि तारीख लिहा, आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. जिवंत मादी अंडी घालत असेल तर विजेरी बंद करा आणि मागे थांबा. काम संपवून ती परत फिरली की मगच कासवमित्रांबरोबर जवळ जा. हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो.